मामी, तुझे जाहीर आभार

प्रिय मामी,

फोनवर आभार मानायला लागलं की तू "ठेव आता, दूध उतू जातंय" म्हणून कट करतेस, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय, आता कुठे पळतेस बघू.

माझा एचपीव्हीचा, म्हणजे ज्या व्हायरसमुळे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो त्याचा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि डॉक्टर म्हणाल्या कॉल्पोस्कोपी करून घेऊ, म्हणजे पिशवीचं तोंड दुर्बिणीतून बघायचं, तेव्हा मी ह्यांनाही धड सांगितलं नव्हतं, कारण हा व्हायरस संबंधातून येतो असं वाचलं आणि डोक्यात नुसता भुंगा, हे काय म्हणतील, सासूबाई काय म्हणतील. रडत तुला फोन केला तर तू म्हणालीस, "एवढंच व्हय, मला वाटलं भांडून माहेरी चाललीस." मग शांतपणे समजावलंस की संसार करणाऱ्या बहुतेकांना हा कधी ना कधी होतोच, बऱ्याचदा आपोआप जातो, जात नाही तिथेच लक्ष ठेवावं लागतं. ह्यांच्याशीही तूच बोललीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने बार्शीहून पुण्यात हजर!

तुला हे सगळं माहीत कसं, ते मला स्टँडवरून येताना रिक्षात कळलं. 1999 पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये जाऊन 30 ते 59 वयाच्या बायकांची तपासणी केली, त्यात तूही होतीस, आणि सगळ्या सुना कशा "आधी सासूबाईंना जाऊ द्या, मान त्यांचा" म्हणत मागे सरकत होत्या ते तू असं सांगितलंस की रिक्षावाले काकापण हसले. सुमारे 1 लाख 31 हजार बायका होत्या गं त्या अभ्यासात! एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले, 2009 साली ते छापून आलं आणि जगभरात त्याचा दाखला देतात. माझी मामी त्यातली एक, याचा मला फार अभिमान वाटतो.

आणि टेबलावरचं तर मी विसरणारच नाही. डॉक्टरांनी तुला आत थांबू दिलं, तू माझ्या उशाशी, हात घट्ट धरून. त्या म्हणाल्या आता पिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावते, खराब पेशी असतील तर पांढऱ्या दिसतील, जरा झोंबेल. तू लगेच, "म्हंजे हाटेलातला कांदाच की!" आणि मी, डॉक्टर, सिस्टर सगळ्याच हसत सुटलो, डॉक्टर म्हणाल्या आजी हसवू नका, माझा हात हलतोय, त्यावर तू म्हणालीस "आजी कुणाला म्हणता, माझ्या सुनेला अजून व्हायचंय." मग आयोडीन लावलं, आणि बायोप्सीचा तुकडा काढताना त्यांनी खोकायला सांगितलं तेव्हा माझ्याआधी तूच जोरात खोकलीस. चिमटा बसल्यासारखं झालं, पोटात एक कळ आली आणि संपलं पण!

घरी आल्यावर काळपट काहीतरी जायला लागलं तेव्हा घाबरून तुलाच हाक मारली, तर तू म्हणालीस रक्त थांबवायला लावतात ते औषध आहे ते, सिस्टरला विचारून ठेवलंय मी. मला सुचलंच नव्हतं विचारायला. पॅड, गरम भात, मेतकूट, तूप, पोरांचा डबा, सगळं तू बघितलंस. आणि सासूबाईंना तू काहीही न लपवता सरळ सांगितलंस, नाव घेऊन, अवयवाचं सुद्धा, त्यांच्या पुढ्यात भाजी निवडत. त्यांनी थोडा वेळ काही बोललं नाही आणि मग विचारलं, माझी करतील का गं या वयात?

रिपोर्ट आला, सीआयएन 1 आहे, म्हणजे पेशींमध्ये अगदी सौम्य बदल, कॅन्सर नाही, लगेच काही करायची गरज नाही, वर्षाने परत टेस्ट. तेव्हा येताना तुझ्या सुनेलाही घेऊन ये, तिशी झाली ना तिची, दोघी मिळून करून घेऊ. खोकायला तू आहेसच.

तुझीच,
भाची