काचेच्या खोलीला आधी सावली, मग एसी

महोदय,

स. न. वि. वि.

जळगाव, भुसावळ, धुळे या शहरांत नव्या बंगल्यांच्या गच्चीवर काचेची ‘सनरूम’ बांधण्याची हौस दिसू लागली आहे. या हौसेला माझा विरोध नाही, कारण ती मी स्वतःही करून बसलो आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या गच्चीवर शंभर चौरस फुटांची अशी खोली झाली, छप्परही काचेचेच. दीड टनाचा एसी लावला की बाराही महिने बसता येईल, असे ठेकेदाराने छातीठोकपणे सांगितले होते. पहिल्याच मे महिन्यात, पारा ४५ अंशांजवळ असताना, एसी अखंड चालवूनही दुपारी आत पाय ठेवता येईना. घरच्या मंडळींनी तेथे कुरडया वाळवल्या, एवढाच काय तो उपयोग झाला.

पुढे मी हिशेब मांडला, तो खरे तर बांधण्यापूर्वीच मांडायला हवा होता. भर दुपारच्या स्वच्छ उन्हातून एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते आणि साधी काच त्यातील ८० टक्क्यांच्या आसपास आत सोडते; म्हणजे शंभर चौरस फुटांच्या छपरातून सुमारे साडेसात किलोवॅट उष्णता खोलीत उतरते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, तेव्हा नुसत्या छपराशी झुंजण्यातच दोन टन खर्ची पडतात. आतून पडदे लावून फारसे साधत नाही, कारण तोवर ऊन काचेच्या आत आलेले असते आणि पडदाच तापून खोली तापवतो. ऊन काचेच्या बाहेरच अडवले पाहिजे.

येथे दिशेचा विचार येतो. आपला प्रदेश साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे-जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तर डिसेंबरात तो दक्षिणेकडे सुमारे ४५ अंशांपर्यंत झुकतो. त्यामुळे दक्षिणेच्या काचेवर दोन फुटांचा छज्जा काढला, तर तो उन्हाळ्यात सावली देतो आणि थंडीत बरेचसे ऊन आत येऊ देतो. पश्चिमेला मात्र छज्जा कुचकामी ठरतो. तेथे तिरपे ऊन अडवायला उभाच आडोसा हवा. मी काचेचे छप्पर काढून पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये उष्णता अडवणारा फोम भरलेले तक्ते, टाकले आणि पश्चिमेच्या काचेबाहेर, वीतभर अंतर सोडून, शेतात वापरतात तीच हिरवी शेडनेट गुंडाळता येईल अशी बसवली. आता तोच दीड टनाचा एसी पुरतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत तर, समोरची खिडकी उघडी ठेवल्यास, कूलरवरही भागते; पावसाळ्यातील दमट हवेत तो निरुपयोगी, तेव्हा पंखा बरा.

थंडीसाठी हीटर घेण्याची घाई करू नये. दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट वीज खातो. आम्ही जाळी गुंडाळून दिवसभर ऊन शहाबादी फरशीत मुरू देतो आणि सूर्य मावळण्यापूर्वीच जाड पडदे ओढतो. धुळ्याकडे पारा दहाच्या खाली जातो त्या दिवसांतही रात्रीच्या भरीत-भाकरीची पंगत तेथे आरामात बसते. दुहेरी काच रात्रीची ऊब टिकवते, हे खरे. पण ऊन परतवणारा लेप नसेल, तर उन्हाळ्यात तिचा म्हणावा तेवढा उपयोग नाही.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ काढून घराच्या भिंती, खिडक्या आणि छपरातून शिरणाऱ्या उष्णतेला मर्यादा आखून दिल्या आहेत. निदान काच किती टक्के उष्णता आत सोडते आणि ती कोणत्या दिशेला बसणार, एवढे तरी ठेकेदाराने दरपत्रकात लिहून द्यावे. आपल्या गृहसजावटीच्या पुरवणीतही अशा खोल्यांच्या छायाचित्रांसोबत ही माहिती छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, जळगाव