आधी घर बांध, मग पाड

अमळनेर

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या महायुद्धातल्या पडक्या गल्लीची जी छोटी प्रतिकृती तू बनवतोयस, तिचे फोटो मोबाईलवर मोठे करून बघितले. तुझ्या मायनेही चष्मा लावून निरखले. तिचा पहिला प्रश्न मात्र नेहमीचाच, "पोऱ्या येळवर जेवस ना?" त्याचं उत्तर तिला फोनवर दे. त्यातला पडक्या घरांचा रस्ता खरा वाटतो का, असं तू मला विचारलंस, त्याचं मी लिहितो. फोनवर ते नीट सांगता येणार नाही.

विषय तू फार चांगला निवडलास. टँक आणि फ्रान्समधली नॉर्मंडीची लढाई करणारे पुष्कळ आहेत. इटलीतल्या सेनियो नदीकाठचं गाव, एप्रिल १९४५, आणि गल्लीत आपली मराठा पलटण, हे कोणीतरी करायलाच हवं होतं. ९ एप्रिलला त्या नदीवर नामदेव जाधवांनी काय केलं ते मी पुन्हा वाचून काढलं. नगर जिल्ह्यातला साधा शिपाई, कंपनीचा निरोप्या. बरोबरचे सगळे पडले किंवा जखमी झाले. त्याने दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे पोहोचवलं. मग परत जाऊन मशीनगनच्या तीन चौक्या बंद पाडल्या. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून हातबॉम्ब फेकले, ते संपल्यावर रांगत जाऊन आणखी आणले. आणि शेवटी बांधावर चढून मराठ्यांची आरोळी ठोकली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्याला. पण तू त्याला गल्लीत उभं करणार म्हणतोस, ते करू नकोस. त्याची लढाई बांधावरची, आणि तो जखमी होता. तुझा रस्ता दुसऱ्या दिवसाचा, १० एप्रिलचा ठेव. त्या दिवशी तिथलं लुगो शहर आठव्या भारतीय डिव्हिजनने घेतलं. जवळच्याच एखाद्या खेड्याची गल्ली समज. त्यात निनावी शिपाई असू देत, रात्रभर न झोपलेले.

आता घरांकडे येतो. गवंड्याच्या नजरेला तुझा ढिगारा पटला नाही. तू प्लास्टरचे तुकडे हातोडीने फोडून भिंतीच्या पायाशी ओतलेस. दिसायला ढीग झाला, पण तो कुठल्या भिंतीचा ते सांगता येत नाही. माझं उभं आयुष्य वाडे बांधण्यात गेलं, आणि हल्ली ते उतरवण्यात जातंय. पडलेल्या घराचा हिशेब असतो, बापू. जेवढी भिंत वरून गेली तेवढी खाली दिसली पाहिजे, आणि तीही फुगून. सुटी झालेली वीटमाती साधारण दीडपट जागा खाते. तुझी पडलेली भिंत चार मीटर लांब, सहा मीटर उंच आणि एक हात, म्हणजे ४५ सेंटिमीटर, जाड धरली, तर तुझ्या १:३५ च्या मापात (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शात) ती पाव लिटर भरते. म्हणजे ढीग पावणेचारशे मिलिलिटरचा हवा. मोजपात्राने मोजून बघ. तू टाकलाय तो मला त्याच्या निम्मासुद्धा वाटत नाही.

वीटही बघून घे. आपली वीट जाड, ९×४×३ इंचांची. तिकडची लांब आणि पातळ, सुमारे २५ सेंटिमीटर लांब, १२ रुंद आणि साडेपाच जाड. तुझ्या मापात सात मिलिमीटर, साडेतीन आणि दीड. तू दोन मिलिमीटर जाड कापल्या आहेस, त्यामुळे भिंत इटलीची न वाटता आपल्या गिरणीच्या चाळीची वाटते. कौलंही मंगलोरी नकोत. तिकडे अर्धगोल नळीची असतात, एक उताणी, एक पालथी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुनी भिंत चुन्यात बांधलेली. सिमेंटची भिंत पडली की वीट मधून तुटते. चुन्याची पडली की सांधा सुटतो आणि वीट बरीचशी सबंध खाली येते, अंगाला चुना चिकटलेला. म्हणून तुझ्या ढिगात सबंध विटा जास्त, अद्धे कमी, आणि खाली चुन्याची पांढुरकी पूड भरपूर हवी. गिलावा मात्र पापुद्र्यांनी सुटतो, मोठमोठे तक्ते होऊन. ते ढिगाच्या वर आडवे पडू देत, एखाद्यावर आतल्या खोलीचा निळा नाहीतर हिरवा रंग राहू दे. आतला रंग बाहेर उन्हात पडलेला दिसला की बघणाऱ्याला कळतं, इथे खोली होती.

कोपरे उभे ठेव. दोन भिंती जिथे एकमेकीत गुंफलेल्या असतात तिथे त्या शेवटपर्यंत तग धरतात. मधला भाग आधी जातो. कमानी तर कमालीच्या चिवट. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर जाऊ दे. जिथे आग लागली तिथे काजळी खिडकीच्या वरच्या अंगाला दाखव. तू खाली काळं केलंस, धूर खाली जात नाही. मजल्याच्या तुळया भिंतीत जिथे घुसतात तिथल्या खोबण्या रिकाम्या ठेव. वर तरंगणारा एक दरवाजा किंवा भिंतीत राहिलेली चूल, एवढ्याने वरचा मजला उभा राहतो.

म्हणून माझं सांगणं असं की आधी घर पूर्ण बांध. कागदावर बांधलंस तरी चालेल, पण जिना कुठे, चूल कुठे, धान्य कुठे, म्हातारी कुठे निजायची, हे ठरव. मग गोळा कुठून आला ते ठरव, आणि मग पाड.

वेळेचाही विचार कर. १९४४ सरता सरता आघाडी त्या नदीवर येऊन अडकली ती एप्रिलपर्यंत. लोकांनी हिवाळा तळघरांत काढला. म्हणजे तुझे सगळे ढिगारे कालचे नाहीत. काही डिसेंबरचे आहेत, त्यांच्यावर पाऊस आणि बर्फ पडून गेलंय, धूळ धुऊन विटा उघड्या पडल्यात, तुळया करड्या झाल्यात, फटीतून गवत आलंय. काही काल रात्रीचे, त्यांच्यावर पांढरी धूळ अजून बसलेली. दोन्ही शेजारी दाखवलंस तर चार महिने एका फळीवर मावतील. जुन्या ढिगात लाकूड कमी ठेव. थंडीत माणसं चौकट नि फळ्या चुलीत घालतात, तिथे कुणी चांगलं लाकूड राहू देईल असं मला वाटत नाही. सबंध विटा कुणीतरी दाराशी रचून ठेवलेल्या दाखव. आपल्याकडेही वाडा पडला की लोक आधी विटाच निवडतात. आणि एप्रिल आहे, द्राक्षवेलीला कोवळी पालवी दे.

तापीकाठची काळी माती पाठवू का, असं मीच म्हणणार होतो. पण ती फार गडद, आणि तिकडची फिकी तपकिरी. शिवाय छोट्या मापात रंग आहे त्याहून फिका लागतो, तेव्हा प्रत्येक रंगात थोडा पांढरा मिसळ. पूड बसवायला फेव्हिकॉलमध्ये पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घाल, म्हणजे ते थेंब होऊन न थांबता आत शिरतं.

माणसांबद्दल एकच. रस्त्यात गावातलं कोणीतरी हवं. तळघराच्या पायरीवर, बादली घेऊन, शिपायांकडे बघणारी एक बाई. तिच्या चेहऱ्यावर आनंद रंगवायची घाई करू नकोस. चार महिन्यांनी बाहेर आलेलं माणूस आधी आपलं घर बघतं.

गावात एक जुना वाडा सध्या आम्ही उतरवतोय. सोमवारी कोपऱ्याचं काम निघेल. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढतो, आणि चाळलेल्या जुन्या चुन्याची पिशवी मामाबरोबर पाठवतो. नवीन ढीग रचलास की रंग द्यायच्या आधी मला दाखव.

तुझे
आप्पा