वाढपीच जेवायला बसला तर?

संपादक महोदय,

निवडणूक जवळ आली की आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येते : 'तो आधीच गडगंज आहे, तो कशाला खाईल?' उद्योजकांनी आता राजकारणात उतरावे, असे सुचवणारा आपल्या रविवारच्या अंकातला लेख वाचला आणि तेच वाक्य इस्त्री करून छापल्यासारखे वाटले.

हे वाक्य मी चेक प्रजासत्ताकातही ऐकले आहे. २०१७ च्या मार्च-एप्रिलमध्ये चाकणच्या कारखान्यातून प्रशिक्षणासाठी म्लादा बोलेस्लाव्हला गेलो होतो. रात्री जेवायला एक छोटी खानावळ ठरलेली. मालक एका सूपचेही छापील बिल हातात ठेवायचा. प्रत्येक विक्री तिथल्या तिथे ऑनलाइन सरकारदरबारी नोंदवायची, अशी सक्ती डिसेंबर २०१६ पासून खानावळींना लागू झाली होती. ती आणणारे अर्थमंत्री आंद्रेय बाबिश देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. आमचा मालक त्यांचा चाहता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, 'अब्जावधी आहेत त्याच्याकडे. त्याला चोरायची गरज काय?' माझा चेक सहकारी गालात हसला. त्याने आधी पावाच्या पिशवीवरचे नाव दाखवले, मग माझ्या ताटातल्या कोंबडीकडे बोट केले आणि शेवटी खुंटीला अडकवलेल्या वर्तमानपत्राकडे. तिन्ही बाबिश यांच्या ॲग्रोफर्ट समूहातले!

खते, शेती, पाव, दूध, कोंबडी असा दोनशेहून अधिक कंपन्यांचा हा पसारा. २०१३ च्या निवडणुकीआधी काही महिने समूहाने देशातली दोन मोठी दैनिके विकत घेतली. बाबिश यांच्या पक्षाचे नाव 'आनो', म्हणजे चेक भाषेत 'हो'. घोषणा होती, 'आम्ही राजकारण्यांसारखे नाही, आम्ही राबतो.' आणि वचन होते, सरकार कंपनीसारखे चालवण्याचे. पहिल्याच फटक्यात २०० पैकी ४७ जागा मिळाल्या, २०१४ मध्ये अर्थखाते आले आणि २०१७ च्या अखेरीस पंतप्रधानपद.

अभ्यासक याला तंत्रज्ञशाही लोकानुनय म्हणतात. नाव बोजड आहे, गोष्ट सोपी. नेहमीचा लोकानुनयी पुढारी 'जनता माझ्या बाजूला' म्हणतो. हा म्हणतो, जनता माझ्या बाजूला आणि हिशोबाची वहीही माझ्याच हातात. विधिमंडळातली चर्चा मग वेळेचा अपव्यय ठरते आणि विरोधक कामात खोडा घालणारे.

आता शेतीच्या अनुदानाचे पाहा. ते युरोपीय संघाच्या आणि चेक सरकारच्या तिजोरीतून येते, आणि ॲग्रोफर्ट त्याच्या मोठ्या लाभार्थींपैकी एक. आपल्याकडे म्हणतात, वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसले तरी चालते. इथे वाढपीच पाटावर बसलेला! चेक संसदेने २०१७ मध्ये मंत्र्यांच्या कंपन्यांना अनुदान आणि माध्यमांची मालकी यांपासून दूर ठेवणारा कायदा केला. त्याला लोक 'लेक्स बाबिश', म्हणजे 'बाबिश कायदा'च म्हणू लागले. बाबिश यांनी समूह दोन विश्वस्त निधींकडे सोपवला. युरोपीय आयोगाच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीने मात्र निष्कर्ष काढला की नियंत्रण त्यांचेच आहे आणि हितसंबंधांचा संघर्ष कायम आहे. २०१९ च्या जूनमध्ये प्राग शहरात लेत्ना मैदानावर अडीच लाखांच्या आसपास लोक त्यांच्या विरोधात जमले होते. १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट गेली, त्यानंतरचा तोवरचा तो सर्वांत मोठा निषेध मेळावा.

निष्पक्षपणे हेही सांगायला हवे. एका शेत-रिसॉर्टच्या अनुदानप्रकरणी त्यांच्यावर खटला झाला. आरोप त्यांनी नाकारले, खालच्या न्यायालयाने दोनदा निर्दोष सोडले आणि २०२५ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला. मतदारांनी २०२१ मध्ये त्यांना घरी बसवले आणि २०२५ मध्ये पुन्हा आणले; डिसेंबरमध्ये ते परत पंतप्रधान झाले. त्यामुळे 'लोक फसले' असे मी म्हणणार नाही. पेन्शन वाढवणारा माणूस लोकांना आवडतो, त्यात वावगे काय?

अमेरिकेत एलॉन मस्क यांनी २०२५ मध्ये कंपनीतल्यासारखी नोकरकपात सरकारात करून पाहिली. अण्वस्त्रे सांभाळणाऱ्या खात्यातल्या लोकांनाही नारळ दिला आणि चारदोन दिवसांत 'परत या' म्हणून निरोप धाडावे लागले. कंपनी तोट्यातली शाखा बंद करते. एसटीची रात्रीची मुक्कामी गाडी बंद केली तर सकाळी कॉलेजला निघालेली गावची पोरे कुठल्या शाखेत जमा करायची?

आपण महाराष्ट्रातल्यांनी फार नाक मुरडू नये. साखर कारखाना, दूध संघ, शिक्षणसंस्था आणि मंत्रिपद एकाच वाड्यात नांदताना आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. कारखान्याच्या कर्जाला सरकारची थकहमी हवी, म्हणून अर्ज करणारे आणि तो मंजूर करणारे एकाच पंगतीचे. फरक एवढाच, की आमचे साहेब 'मी राजकारणी नाही' असे कधी म्हणाले नाहीत!

म्हणून श्रीमंत उमेदवार खाईल की नाही, हा प्रश्नच मला बिनकामाचा वाटतो. ज्या टेबलावरून पैसे जाणार, त्याच्या दोन्ही बाजूंना त्याची खुर्ची आहे का, एवढे कळले तरी पुरे. आणि ते कळू शकते. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात, सरकारशी किंवा सार्वजनिक कंपन्यांशी उमेदवाराची, त्याच्या पती-पत्नीची आणि अवलंबितांची कोणती कंत्राटे आहेत, याचा रकाना २०१८ पासून आहे. आपण निवडणुकीत कोणाकडे किती तोळे सोने, किती गाड्या आणि किती गुन्हे याचे तक्ते छापता, ते आम्ही चवीने वाचतो. येत्या वेळी त्या तक्त्यात हा कंत्राटांचाही रकाना घ्यावा, ही विनंती. जागा कमी पडली तर सोन्याचा काढला तरी चालेल.

– एक निवृत्त अभियंता, चिंचवड