उच्चार जुळला म्हणजे नातं जुळलं असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत शब्दांच्या मुळांवर आलेल्या लेखाचं कात्रण घेऊन माझी एक विद्यार्थिनी आली. "सर, हे खरं का?" जपानीत नावाला 'नामाए' म्हणतात, आपल्याकडे 'नाम' आहे, म्हणजे दोन्ही एकाच मुळाचे, असं त्यात ठामपणे लिहिलं होतं. पुरावा काय, तर उच्चार! पण 'नामाए' हा जोडशब्द आहे. त्यातला 'ना' म्हणजे नाव आणि 'माए' हा मागून जोडलेला वेगळा शब्द. ज्या 'म'च्या भरवशावर नातं जोडलं, तो 'म' मुळी नावाचा नाहीच.

इतक्या लांब तरी कशाला जायचं? 'बस' घ्या. 'खाली बस' मधला बस, 'आता बस झालं' मधला बस आणि रस्त्यावरून धावणारी बस. लिहायला एक, म्हणायला एक. पहिला घरचा: जुन्या मराठीत 'बैसणे' होतं, त्याच्यामागे संस्कृत 'उपविश्'. दुसरा फारसी, म्हणजे 'पुरे'. तिसऱ्यापाशी मात्र थांबायला हवं. लॅटिनमध्ये 'ऑम्निबुस' म्हणजे 'सर्वांसाठी'. फ्रान्समध्ये १८२० च्या दशकात भाडं देणाऱ्या कुणालाही बसू देणाऱ्या घोडागाडीला हे नाव पडलं, १८२९ मध्ये ती लंडनला आली, आणि पुढे बोलता बोलता शब्दाचं नुसतं शेपूट उरलं. ते शेपूट म्हणजे चतुर्थी विभक्तीच्या अनेकवचनाचा प्रत्यय! 'सर्वांसाठी' मधला 'सर्वां' गळावा आणि गाडीला 'साठी' म्हणावं, तसं हे झालं. त्याहून पुढची गोष्ट अशी, की लॅटिनचा हा 'बुस' आणि संस्कृत 'देवेभ्यः' (देवांसाठी) मधला 'भ्यः' एकाच कुळातले मानले जातात. म्हणजे बसचं नातं 'बसणे'शी नाही, शाळेत घोकलेल्या 'भ्यः'शी आहे. नुसत्या कानाने हे कसं कळणार?

त्याच लेखात जपानी 'अरिगातो' पोर्तुगीज 'ओब्रिगादो'वरून आल्याचंही म्हटलं आहे. पोर्तुगीज जपानला पोचले १५४३ मध्ये. 'अरिगातो' ज्यातून आला ते 'अरिगाताशी' हे रूप जपानी साहित्यात त्याच्या कित्येक शतकं आधीपासून सापडतं. त्याचा मूळ अर्थ 'असणं कठीण', म्हणून दुर्मीळ, म्हणून ऋणी वाटावं असं. 'ओब्रिगादो'चा अर्थ बांधलेला, उपकृत.

फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा तर अर्थही एक. तरी नातं नाही. फारसीतलं आधीचं रूप 'वद' होतं. मागे जावं तसे हे दोन शब्द एकमेकांपासून दूर जातात. सख्खे असते तर जवळ आले असते. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबरम भाषेत कुत्र्याला चक्क 'डॉग' म्हणत. भाषाशास्त्रज्ञ डिक्सन यांनी शेजारच्या भाषांमधला 'गुडागा' ताडून पाहिला, तेव्हा पहिलं अक्षर गळून आणि स्वर बदलून हा 'डॉग' झाला असल्याचं दिसलं. इंग्रजीचा त्यात काडीचाही संबंध नाही. जगात भाषा हजारो, प्रत्येकीत शब्द हजारो, आणि ध्वनी मात्र मोजके. असे शब्द एकमेकांवर आदळणारच.

उलट खरी भावंडं कित्येकदा ओळखूही येत नाहीत. संस्कृत 'चक्र' आणि इंग्रजी 'व्हील' एका मुळाचे आहेत. लॅटिन 'देउस' हा आपल्या 'देव'चा सख्खा, पण त्याच अर्थाचा ग्रीक 'थेऑस' दिसायला इतका जवळचा असूनही परका. ही नाती ठरतात ती एका शब्दावरून नाही, तर शेकडो शब्दांत तेच ध्वनी त्याच नियमाने बदललेले दिसतात त्यावरून. हे काम कष्टाचं आहे, आणि लोकांनी त्यात आयुष्यं घातली आहेत. कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' १९४६ पासून आपल्याकडे आहे. व्युत्पत्ती छापण्याआधी निदान मराठी शब्दांपुरता तो उघडावा, आणि परक्या शब्दांचं जुनं रूप लेखकाकडे मागावं. ते मिळालं नाही तर ती ओळ गाळावी.

'नामाए' आणि 'अरिगातो' या दोन्हींची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच जागी छापावी ही विनंती. कात्रण त्या मुलीने वहीत चिकटवलं आहे आणि शेजारचं पान दुरुस्तीसाठी कोरं ठेवलं आहे.

आपला,
एक भाषाशिक्षक