फुफ्फुसधमनी लाल रंगवलेल्या रक्ताभिसरण मॉडेलबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, उत्पादन व ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या ‘मानवी रक्ताभिसरण’ चालत्या मॉडेलमधील गंभीर शास्त्रीय चुका आणि त्याबाबत फोनवर मिळालेली वागणूक.

महोदय,

काल दुपारी आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी माझे पाचव्यांदा बोलणे झाले. ते संपल्यावर यापुढे फोन करायचा नाही असे मी ठरवले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पंपाने नळ्यांतून पाणी फिरवून रक्ताचा प्रवास दाखवणारे हे मॉडेल आपणच बनवता, त्यामुळे त्याचे अधिक वर्णन करण्यात वेळ घालवत नाही. नागपूरच्या आमच्या माध्यमिक शाळेने ते जुलैमध्ये १८,५०० रुपयांना घेतले असून ही रक्कम पालक आणि माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून उभी केली आहे.

पहिली चूक सर्वांत मोठी आहे. आपल्या मॉडेलमध्ये हृदयाच्या उजव्या निलयातून (खालच्या कप्प्यातून) फुफ्फुसांकडे जाणारी नळी, म्हणजे फुफ्फुसधमनी, लाल आहे आणि फुफ्फुसांतून डाव्या अलिंदात (वरच्या कप्प्यात) येणाऱ्या नळ्या निळ्या आहेत. आपल्याच माहितीपुस्तिकेत लाल म्हणजे ऑक्सिजनयुक्त आणि निळा म्हणजे ऑक्सिजन कमी असलेले रक्त असे छापलेले आहे. याचा अर्थ, आपल्या मॉडेलमधील माणसाच्या फुफ्फुसांत रक्त ऑक्सिजन घेऊन जाते आणि तो तिथेच ठेवून परत येते. पंप सुरू केल्यानंतर पाचच मिनिटांत आठवीतल्या एका मुलीने हात वर करून विचारले, “मॅडम, मग आपण श्वास कशासाठी घेतो?” गेली कित्येक वर्षे मी हा धडा शिकवत आहे आणि इतका नेमका प्रश्न मला क्वचितच आला आहे. त्याचे उत्तर “मॉडेल चुकले आहे” असे द्यावे लागले. ज्या मुलांच्या आईवडिलांनी त्यासाठी पैसे दिले, त्यांच्यासमोर ते म्हणताना मला फार वाईट वाटले.

हृदयापासून रक्त दूर नेते ती धमनी आणि हृदयाकडे आणते ती शीर. रक्तवाहिनीचे नाव या दिशेवरून ठरते, आतल्या रक्तात ऑक्सिजन किती आहे यावरून ठरत नाही. म्हणून फुफ्फुसधमनी धमनी असूनही ऑक्सिजन कमी असलेले रक्त नेते, आणि चार फुफ्फुसशिरा शिरा असूनही ऑक्सिजनने भरलेले रक्त आणतात. गर्भाच्या नाळेतील शीरही वारेकडून ऑक्सिजनयुक्त रक्तच आणते. मुले नेमकी इथेच अडखळतात आणि या एका जागेसाठी तर मॉडेल घ्यायचे असते, कारण सपाट चित्रात दिशा दिसत नाही आणि वाहत्या पाण्यात ती दिसते.

दुसरी चूक झडपांची आहे. हातापायांच्या धमन्यांत आपण पांढऱ्या झडपा बसवल्या आहेत आणि पायांच्या शिरा मात्र साध्या नळ्या ठेवल्या आहेत. प्रत्यक्षात हे बरोबर उलट असते. महाधमनी व फुफ्फुसधमनी हृदयातून जिथे निघतात तिथल्या झडपा सोडल्या, तर धमन्यांना झडपांची गरज नसते, कारण त्यांच्यातील रक्त हृदयाच्या दाबाने पुढे ढकलले जाते. पायांतून वर येणाऱ्या रक्तामागे तो जोर उरलेला नसतो. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, त्यांच्यामधल्या शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकते आणि झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील वाहतूक पोलीस आहेत. भर उन्हाळ्यात ते चौकात तासन्तास उभे असतात आणि त्यांच्या पायांच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या आहेत. बाबांच्या पायात नक्की काय बिघडते, हे त्या मुलाला या मॉडेलवर दाखवायचे मी आधीच ठरवून ठेवले होते. एका जागी फार वेळ उभे राहिल्याने पोटरीचा पंप चालत नाही, शिरांत रक्त साचते, त्या ताणल्या जातात आणि झडपांच्या कडा एकमेकींना भिडेनाशा होतात. आपल्या मॉडेलमधील पायाच्या शिरांत दाखवायला झडपच नाही.

तिसरी गोष्ट भिंतींची. बाजूला जोडलेल्या छेदांत, म्हणजे आडव्या कापून दाखवलेल्या नमुन्यांत, धमनी आणि शीर एकसारख्या जाडीच्या, एकसारख्या गोल आहेत. तीन थर दोघींनाही असतात हे खरे, पण धमनीचा मधला थर स्नायू आणि लवचीक तंतूंनी जाड झालेला असतो. प्रत्येक ठोक्याला ती ताणली जाते आणि पुन्हा आकसते, मनगटाला नाडी लागते ती यामुळेच. शीर पातळ भिंतीची, रुंद पोकळीची आणि रिकामी असली की चपटी होणारी असते. शरीरातील निम्म्याहून अधिक रक्त कोणत्याही क्षणी शिरांमध्येच असते. मुलांनी दोन्ही छेद बोटांनी चाचपले आणि दोन्ही सारखेच आहेत असे वहीत लिहिले. त्या वह्या मला दुरुस्त कराव्या लागल्या.

धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म केशवाहिन्यांच्या जागी आपण दोन बोटे रुंदीची रिकामी फट सोडली आहे. एकाच पेशीच्या जाडीची भिंत, तांबड्या पेशीला एकेकटीनेच जावे लागेल इतकी अरुंद वाट, आणि तिथेच होणारी ऑक्सिजन व अन्नाची देवाणघेवाण, यातले काहीही तिथे नाही. विदर्भातील वर्गात सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) हा शब्द मुलांना पुस्तकातून शिकवावा लागत नाही. कोणाच्या घरात रुग्ण असतो, कोणाची शाळेत तपासणी झालेली असते. विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात म्हणून असह्य कळा येतात, हे समजून घेण्याचा हक्क या मुलांना आहे आणि ते समजण्याची जागा ती फट होती. पुस्तिकेच्या सहाव्या पानावर तर “शिरांतील रक्त निळे असते” असे सरळ छापले आहे. कोपरापाशी सुई टोचून रक्त काढतात ते शिरेतले असते आणि नळीत ते गडद लाल दिसते. निळा रंग फक्त चित्रातल्या खुणेपुरता आहे.

आता कालच्या संभाषणाविषयी. पहिल्या चार वेळा मला “वरिष्ठ फोन करतील” असे सांगण्यात आले आणि एकदाही फोन आला नाही. काल वीस मिनिटे थांबल्यावर मला ‘तांत्रिक सल्लागार’ म्हणून एका गृहस्थांशी जोडून देण्यात आले. मी फुफ्फुसधमनीचे सांगितले. ते म्हणाले, “मॅडम, लाल म्हणजे धमनी आणि निळी म्हणजे शीर. हे तर पाचवीच्या मुलांनाही माहीत असतं.” मी दिशेचा नियम सांगितला. ते म्हणाले, “तुम्ही विज्ञानच शिकवता ना?” मी होय म्हटले आणि पदवीही सांगितली, ती सांगावी लागली याचा मला अजून संताप येतो. मग मी त्यांना विनंती केली की, एक मिनिट दंडाला रुमाल आवळून बांधा, हातावरच्या शिरा फुगल्या की एका बोटाने शीर दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातील रक्त वर, शिरेवर गाठीसारख्या दिसणाऱ्या पुढच्या झडपेच्या पलीकडे सारा. तेवढा भाग रिकामा राहील, वरून भरणार नाही, आणि खालचे बोट उचलताच भरेल. शिरांत झडपा असतात आणि त्या रक्त हृदयाकडेच जाऊ देतात, याचा हा पुरावा इंग्लिश वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ साली आपल्या ग्रंथात चित्रांसह दिला आहे आणि त्याला रुमालाखेरीज काहीही लागत नाही. सल्लागार म्हणाले, “एवढा वेळ नाही मॅडम.” मग मला पुन्हा थांबवून ठेवण्यात आले. परत आल्यावर ते म्हणाले, “परीक्षेत एवढं खोलात कोणी विचारत नाही. तुमचं समाधान होत नसेल तर मी निळ्या आणि लाल रंगाची एकेक डबी पाठवतो, तुम्ही नळ्या रंगवून घ्या.”

महोदय, हे वाक्य मी लगेच लिहून ठेवले. अठरा हजार पाचशे रुपये घेतल्यावर आपली कंपनी एका शिक्षिकेला रंगाची डबी देऊ करते. रंगाने फुफ्फुसधमनी दुरुस्त होईलही, पण धमन्यांतल्या झडपा रंगाने निघणार नाहीत, शिरेची भिंत रंगाने पातळ होणार नाही आणि सहाव्या पानावरचे वाक्य रंगाने खरे होणार नाही. परीक्षेत विचारत नाहीत हे म्हणणेही चुकीचे आहे. फुफ्फुसधमनीचा अपवाद हा आमच्या परीक्षेतला नेहमीचा प्रश्न आहे. तो नसता, तरी मी खोटे शिकवले नसते.

मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर आपल्याच कंपनीचा १९९३ साली छापलेला रक्ताभिसरणाचा कापडी तक्ता आहे. कडा फाटल्या आहेत, रंग उडाला आहे, पण त्यात फुफ्फुसधमनी निळी आहे, चारही फुफ्फुसशिरा लाल आहेत आणि पायाच्या शिरेत झडपा काढलेल्या आहेत. म्हणजे हे सर्व आपल्याला ठाऊक होते. आपले नाव त्या तक्त्यावर होते म्हणूनच मी मुख्याध्यापकांकडे आपल्या मॉडेलचा आग्रह धरला आणि स्वस्तात देणाऱ्या सीताबर्डीतल्या दुकानदाराला नकार दिला. तो तक्ता ज्यांनी तपासला, त्यांच्या जागी आज कोण बसले आहे, हे मला कळले पाहिजे.

“आजवर कोणाचीच तक्रार आली नाही,” असेही मला ऐकवण्यात आले. हेच मॉडेल इतर शाळांतही गेले असेल, तर तिथली मुले हीच चूक बरोबर म्हणून पाठ करत आहेत. म्हणून माझी मागणी केवळ पैशांची नाही. आमचे मॉडेल आपल्या खर्चाने परत न्यावे आणि पूर्ण रक्कम द्यावी, किंवा जाणकाराकडून तपासलेले नवे मॉडेल द्यावे. शिवाय ज्या ज्या शाळेला हे मॉडेल विकले आहे, तिला चुकांची यादी आणि सुधारित पुस्तिका लेखी पाठवावी व त्याची प्रत मला द्यावी. रंगाची डबी पाठवू नये.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये नागपूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. त्यासाठी मला आपल्या शहरात यावे लागणार नाही, तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते. पावती, नळ्यांची छायाचित्रे, सहाव्या पानाची प्रत आणि पाचही फोनच्या तारखा सोबत जोडल्या आहेत.

मॉडेल सध्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात चादरीने झाकून ठेवले आहे. मुलांनी ते पुन्हा पाहू नये अशी माझी इच्छा आहे. उद्याचा तास मी १९९३ च्या तक्त्यावर आणि मुलांच्या स्वतःच्या हातांवरच घेणार आहे.

आपली,
विज्ञान शिक्षिका,
माध्यमिक विभाग, नागपूर