बापू, नानाचं मी सांगून टाकलं

अमळनेर
९ जून, रविवार रात्र

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे फोन आले, तेही उचलले नाहीत. रागावला असशील तर खुशाल रागव, पण हे शेवटपर्यंत वाच. मी बरा आहे. साखर थोडी वर आहे, गोळी चालू आहे. आईचे गुडघे तसेच.

मंगळवारी नानाला लिव्हर बदलण्याच्या तपासण्यांसाठी घेऊन मुंबईत होतो. तिथं मी आखाजीचं, अक्षय्यतृतीयेचं, सांगून टाकलं.

हे तुझ्याशिवाय कोणाला लिहू? तू नानाचं बोरी नदीकाठचं पिणं त्याच्या अण्णांच्या कानावर घातलंस, तेव्हा प्रताप कॉलेजच्या फाटकात मी तुला चारचौघांत चुगलखोर म्हणालो होतो. दोन वर्षं बोललो नाही. ताईच्या लग्नात तू मठ्ठा वाढायला आलास तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला. तो हात आता डोळ्यांसमोरून हलत नाही.

फाल्गुनातली रक्ताची उलटी तुला माहीत आहे. जळगावला दुर्बिणीतून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबरी बँड लावले, तेव्हा थांबली. त्यानंतर पोटात पाणी. दर पंधरा दिवसांनी पाच-सहा लिटर काढतात आणि वरून अल्ब्युमिन या प्रथिनाच्या बाटल्या चढवतात. एका बाटलीची किंमत ऐकून नाना म्हणाला, "एवढ्यात तर आपल्या तिघांची मेस वर्षभर चालली असती रे." हसलो आम्ही. वहिनी नाही हसली.

मला वाटायचं, पैसे उभे केले आणि लिव्हर देणारा मिळाला की झालं. तसं नसतं बापू. आधी एक आकडा काढतात, मेल्ड म्हणतात त्याला. बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आयएनआर, सोडियम या रक्ततपासण्यांवरून हिशोब, ६ ते ४०, आकडा मोठा तेवढा आजार मोठा. पंधराच्या खाली असेल तर बहुतेकांना ऑपरेशनचाच धोका मोठा, म्हणून थांबवतात. नानाचा २३. मग हृदय, फुप्फुसं, टीबी, दात. किडका दात आधी काढून टाकायचा, कारण पुढं प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवायची असते. हाताची पकडसुद्धा मोजली. माणूस लिव्हर बदलण्याइतका आजारी हवा आणि ऑपरेशन सोसण्याइतका धडही हवा. या दोन्हींच्या मधल्या फटीत बसला तरच त्याचा नंबर.

शेजारच्या बाकावर रावेरकडचे एक केळीवाले बसले होते. दारूचा थेंब कधी घेतला नाही, बी-काविळीतून लिव्हरला कर्करोगाची गाठ झालेली. त्यांचा मुलगा फाइल छातीशी धरून होता. एकच गाठ असेल तर पाच सेंटिमीटरपर्यंत, दोन-तीन असतील तर प्रत्येक तीनच्या आत, आणि रक्तवाहिनीत शिरलेली नको, तरच लिव्हर बदलतात. पोरगं ते आकडे पाढ्यासारखे म्हणत होतं.

नानाला एका बाईंनी कागदावर चांदणी काढून दिली, तशीच शेजारी काढा म्हणाल्या. आपला नाना, बापू! गॅदरिंगचे सगळे फलक ज्याच्या हातचे, तो. त्याची रेघ तिसऱ्या कोनापर्यंत गेली आणि तिथंच थरथरत राहिली. मग १ ते २५ आकडे रेघेनं जोडायचे होते. अकराशी थांबून त्यानं माझ्याकडं पाहिलं. "आबा, पुढं काय रे?" लिव्हरनं काढून टाकायचा अमोनिया रक्तात राहतो आणि मेंदूवर चढतो, त्यानं असं होतं. सिरप पोटात जाऊन शौच साफ झाली की चार दिवस पुन्हा आपला जुना नाना असतो. त्या दिवशी नव्हता.

लिव्हर देणाऱ्याचं ऐक. वहिनीचा रक्तगट जुळत नाही. सुरतचा धाकटा तयार होता. त्याला आत एकट्याला बसवून विचारतात, मनाविरुद्ध तर देत नाही ना. बाहेर आला तो खाली मान घालून, "माझं लिव्हर चालत नाही म्हणे." पुढं कळलं की कोणी माघार घेतली तर घरात तोंड दाखवता यावं म्हणून डॉक्टर इतकंच सांगतात. त्याचं खरंच चालत नाही की त्यानं माघार घेतली, हे मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. त्याला दोन लहान पोरं आहेत.

राहिली छोटी, नानाची लेक. एकवीस पूर्ण. ती एका पायावर तयार. तिच्या लिव्हरचा उजवा भाग, म्हणजे साठेक टक्के, काढायचा. उरलेलं काही आठवड्यांत वाढतं, पण देणाऱ्याच्या जिवाला धोका अगदीच नसतो असं नाही. हजारात दोन ते पाच, असं स्वच्छ सांगितलं. छोटीनं मान डोलावली आणि कुठं सही करायची ते विचारलं.

मग समाजसेविकेनं एकेकाला बोलावलं. शेवटचं कधी घेतली? नाना म्हणाला दिवाळीला. वहिनी म्हणाली दिवाळीला. मला विचारलं तुम्ही कोण, मी म्हणालो मित्र. म्हणाल्या, "काळजी घेणारा म्हणून यांनी तुमचं नाव दिलंय. ऑपरेशननंतर जन्मभर ठरल्या वेळी गोळ्या. चुकल्या तर शरीर नवं लिव्हर नाकारतं. तुम्ही लक्ष ठेवाल?" मी हो म्हणालो. मग तोच प्रश्न. शेवटचं कधी?

आखाजीला मळ्यात मी त्याच्या शेजारी होतो, बापू. भाच्यानं सातपुड्याकडून मोहाची आणलेली. अर्धा ग्लास. मी पाहिलं आणि काही बोललो नाही, सणाच्या दिवशी पोरांसमोर कशाला म्हणून. आणि आता काचेपलीकडं छोटी बसलेली. मी सांगून टाकलं.

आता खरं ऐक, ज्यासाठी हे पत्र. त्यांनी रक्तही घेतलं होतं. दोन-चार आठवड्यांतल्या दारूचा माग त्यात सापडतो. तो रिपोर्ट शुक्रवारी स्वच्छ आला. अर्धाच ग्लास, आणि साडेतीन आठवडे उलटलेले. म्हणजे मी गप्प राहिलो असतो तर कोणालाही कळलं नसतं. कोणालाही!

हॉस्पिटलच्या समितीनं नाही म्हटलेलं नाही. तीन महिने पुढं ढकललं. मी भांडलो डॉक्टरांशी, दारू सुटून सहा महिने व्हायलाच हवेत हा नियम कोणी केला म्हणून. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, तो आकडा काही दगडावर कोरलेला नाही. २०११ साली एक अभ्यास छापून आला, त्यात फ्रान्स-बेल्जियममध्ये दारूनं लिव्हरला तीव्र सूज येऊन औषधाला दाद न देणाऱ्या २६ निवडक रुग्णांना न थांबवता लिव्हर दिलं होतं. सहा महिन्यांनी त्यांतले ७७ टक्के जगले होते, तशाच पण लिव्हर न मिळालेल्यांतले २३ टक्के. "पण निवडले कसे ते बघा," म्हणाले. दारूनं लिव्हर पहिल्यांदाच बिघडलेलं, घरची माणसं खंबीर, आणि सगळ्या डॉक्टरांचं एकमत. नानाचा आजार वेगळा, जुना सिरोसिस आहे, म्हणजे लिव्हर वर्षानुवर्षं घट्ट होत गेलेलं. तरी दारू पूर्ण सुटली तर काहींचं लिव्हर इतकं सावरतं की प्रत्यारोपण लागतच नाही, म्हणूनही थांबतात. मला ते सगळं पटलं. आणि रात्री गाडीत कसाऱ्यापासून चाळीसगावापर्यंत एकच विचार: या तीन महिन्यांत पुन्हा शीर फुटली तर?

नाना बोलत नाही माझ्याशी. प्लॅटफॉर्मवर एकदाच म्हणाला, "माले मरानं नहीं शे रे आबा." वहिनीनं काल दार उघडलं, चहा दिला आणि आत निघून गेली. छोटीला कोणी काही सांगितलेलं नाही. तिच्यासाठी बोललो म्हणावं, तर तिनं कुठं मागितलं होतं?

तू अण्णांकडं गेलास त्या रात्री तुला झोप लागली होती का? तेव्हा मी हे विचारलंच नाही. तुला वाईट ठरवून मोकळा झालो. माझं चुकलं बापू.

तुझ्या नव्या घराची वास्तुशांत झाली म्हणे, फोटो पाहिले. ओटा छान आहे. पोराच्या परीक्षेचं काय झालं ते कळव. दुकानाचा वाद मिटला का?

दर गुरुवारी धुळ्याला समुपदेशनाला जायचं आहे, अधूनमधून रक्तही तपासणार. माझ्याबरोबर यायला नाना तयार नाही. तुझं नाव काढलं तेव्हा नाही म्हणाला नाही. पहिले दोन गुरुवार तू ये. बुधवारी रात्री निघालास तर सकाळी मी स्टेशनवर गाडी घेऊन उभा असेन. तुम्हाला दोघांना धुळ्याला सोडीन आणि बाहेर थांबेन.

वहिनीनं यंदाही बिबड्या केल्यात. नानाला मीठ बंद, म्हणून घरात तळतच नाहीत, डबा तसाच भरलेला आहे. तू आलास की माझ्याकडं तळू.

तुझा,
आबा