दूध पिताना घामाघूम होणाऱ्या बाळाचा ईसीजी काढाच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांच्या हृदयाबद्दल पेपरात येतं ते बहुतेक भोकाबद्दल. पण हृदयाला रक्त पुरवणारी कोरोनरीच जन्मतः चुकीच्या जागेवरून निघालेली असते अशीही मुलं असतात, आणि ईसीजी काढणारा माणूस म्हणून मला त्यांच्याबद्दल कळकळीने लिहावंसं वाटतं.

अल्कापा नावाचा प्रकार साधारण ३ लाखांत एका बाळाला असतो. यात डावी कोरोनरी महाधमनीऐवजी फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतून निघते. पोटात असताना त्रास नाही, पण जन्मानंतर काही आठवड्यांत त्या धमनीतला दाब उतरतो नि कोरोनरीतलं रक्त उलटं तिकडेच जायला लागतं, हृदयाचा स्नायू उपाशी. बाळ दूध ओढताना घामाघूम होतं, धाप लागते, कळवळून रडतं, घरचे म्हणतात पोट दुखतंय, ग्राइप वॉटर द्या, कुणी दृष्ट काढतं, दवाखान्यात कधी न्यूमोनियाची औषधं सुरू होतात. ईसीजीत मात्र लीड वन, एव्हीएल आणि व्ही फाइव्ह-सिक्स या हृदयाची डावी बाजू दाखवणाऱ्या लीडना खोल क्यू वेव्ह (ठोक्याच्या सुरुवातीला खाली जाणारी रेघ) दिसतात, मोठ्या माणसाला अटॅक येऊन गेल्यावर दिसतात तशा, आणि बाळ असतं दोन-तीन महिन्यांचं! ऑपरेशन झालं नाही तर बहुतेक बाळं वर्षाच्या आत जातात, वेळेत झालं तर बरीच छान सावरतात.

शाळकरी मुलांचं वेगळं. कोरोनरी चुकीच्या बाजूने निघून दोन मोठ्या धमन्यांच्या मधून गेलेली असते, पळताना रक्त कमी पडतं, ठोके बिघडतात आणि मूल कोसळतं. इथे बसल्या जागी काढलेला ईसीजी बऱ्याचदा नॉर्मल येतो, म्हणून तेवढ्यावर घरी पाठवू नये, टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) कोरोनरी कुठून निघतात ते मुद्दाम बघायला सांगावं. उन्हात उभं राहून चक्कर येणं वेगळं आणि धावता धावता पडणं वेगळं, हे पीटीच्या सरांना माहीत हवंच. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत तपासणीला जातात, त्यांनी ‘पळताना कधी बेशुद्ध पडलास का, छातीत दुखतं का’ एवढं प्रत्येक मुलाला विचारावं, याला खर्च काहीच नाही.

ऑपरेशन झालेल्या मुलांच्या आईवडलांनी फॉलोअप सोडू नका, स्नायूवर व्रण राहिला असेल तर ठोक्यांची गडबड पुढे वर्षांनीही होऊ शकते, डॉक्टर होल्टर (दिवस-रात्र ठोके नोंदवणारं छोटं यंत्र) लावा म्हणाले तर लावा. आणि जुने ईसीजी जपा, नव्याशी ताडून बघायला लागतात. तो कागद वर्षा-दोन वर्षांत पुसट होतो, म्हणून लगेच झेरॉक्स काढा, लॅमिनेशन नको, उष्णतेने काळा पडतो.

– एक ईसीजी टेक्निशियन, सातारा